जागा न सोडणारा माणूस

शेवटच्या क्वार्टरची सहा मिनिटं चाळीस सेकंद उरली होती आणि मी तीन गुणांनी मागे होतो. मॅडन या फुटबॉलच्या गेममध्ये एवढा वेळ म्हणजे चैन. माझा क्वार्टरबॅक भरात होता, कडेचे दोन्ही रिसीव्हर वाऱ्यासारखे पळणारे होते. एकदा चेंडू हातात आला की झालं. चेंडू आलाच नाही. समोरच्यानं सलग बारा वेळा तो आपल्या रनिंग बॅकच्या पोटाशी ठेवला. चार यार्ड, तीन यार्ड, पाच, पुन्हा चार. लक्षात राहावी अशी त्यात एकही धाव नव्हती. एकदाही त्यानं मला चकवलं नाही, घाई केली नाही. घड्याळ शून्यावर आलं तेव्हा माझ्या हल्ल्याचे अकरा जण मैदानाबाहेरच उभे होते.

भाचा शेजारी बसून सगळं बघत होता. तो न्यू जर्सीत वाढला, शाळेच्या संघात डिफेन्सिव्ह लाइनवर खेळतो, म्हणजे दर आठवड्याला स्वतःच्या खांद्यांवर हे झेलतो. तो म्हणाला, "मामा, तुझ्याकडे सगळे पकडायला धावणारे आहेत. उभा राहणारा एकपण नाहीये."

त्या वाक्यानं मला कामाला लावलं आणि त्या कामातून ही पुस्तिका झाली. फुटबॉलच्या सिम्युलेशन गेम्समध्ये रन थांबवणारे खेळाडू कसे निवडावे, कसे घडवावे आणि एकमेकांशेजारी कसे उभे करावे, एवढाच तिचा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण या खेळाचं निम्मं तत्त्व त्यात आहे, आणि गेम खेळणारे बहुतेक जण नेमका तेवढाच भाग ओलांडून पुढे जातात.

आधी शब्दांचा खुलासा करतो, कारण आपल्याकडे घोटाळा तिथेच होतो. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा. रन म्हणजे क्रिकेटमधली धाव नव्हे. चेंडू पुढे न फेकता काखेत दाबून माणसांच्या भिंतीत घुसणं म्हणजे रन. टॅकल हा शब्द तर तीन गोष्टींसाठी वापरतात: हल्ल्याच्या ओळीतली एक जागा, बचावाच्या ओळीतली एक जागा आणि चेंडूवाल्याला खाली पाडण्याची क्रिया. नवख्याचं डोकं इथेच फिरतं. आपल्याकडे कबड्डीचा पकड हा शब्द तयार आहे, म्हणून क्रियेला मी पुस्तिकेत सगळीकडे पकडच म्हटलं आहे. टॅकल लिहिलं असेल तिथे जागा समजावी.

आता रनची एवढी काळजी का करायची ते सांगतो. हल्ला करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. चौथ्या प्रयत्नात बहुतेक वेळा चेंडू लाथेनं लांब टोलवतात किंवा फील्ड गोलचा प्रयत्न करतात, म्हणजे हातात खरे तीनच. दर प्रयत्नाला साडेतीन यार्ड मिळाले तरी त्यांना थांबायची गरज नाही. शिवाय फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही तर घड्याळ थांबतं. मैदानाच्या आत पाडलेल्या धावपटूसाठी ते थांबत नाही, म्हणून पुढे असलेला संघ शेवटी पळतच राहतो. खऱ्या सामन्यात क्वार्टर १५ मिनिटांचा असतो. गेममध्ये तो आपण बरेचदा पाच-सहा मिनिटांवर आणतो. त्यामुळे खऱ्या मैदानावर बचावाला दमवणारी बारा धावांची माळ गेममध्ये सामनाच गिळून टाकते. आणि रन लागू पडू लागला की तुमचे लाइनबॅकर उतावीळ होऊन पाऊल पुढे टाकतात. तेवढ्यात क्वार्टरबॅक चेंडू दिल्याचं नुसतं नाटक करतो आणि त्यांच्या डोक्यावरून पास टाकतो. पासविरुद्धचा बचाव फुटतो तोही पुष्कळदा असा, रनच्या दारातून.

हे सगळं गेममध्ये दिसू शकतं त्याचं श्रेय एका माणसाच्या हट्टाला आहे. जॉन मॅडन १९६९ ते १९७८ ओकलंड रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांच्या हाताखाली रेडर्सनी अकरावा सुपर बोल जिंकला. पुढे ते टीव्हीवरचे लाडके समालोचक झाले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स १९८४ मध्ये त्यांच्याकडे गेम घेऊन गेले. मॅडन विमानात बसत नसत, म्हणून ही बोलणी रेल्वेच्या डब्यात झाली. त्या काळच्या संगणकांना बावीस माणसं एकदम हलवणं झेपत नव्हतं. एका बाजूला सहा-सात खेळाडूंवर भागवावं असा विचार होता. मॅडन यांनी साफ नकार दिला. अकरा विरुद्ध अकरा नसतील तर त्याला आपलं नाव लावू देणार नाही, हे त्यांचं म्हणणं. काम लांबलं आणि 'जॉन मॅडन फुटबॉल' ॲपल टू संगणकासाठी १९८८ मध्ये बाहेर आला.

हा हट्ट त्यांच्याच मनात का यावा, याचं मला एक उत्तर सुचतं. मॅडन स्वतः लाइनमन होते. १९५८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी त्यांना निवडलं होतं, पण गुडघा गेला आणि व्यावसायिक सामना त्यांना कधी खेळता आला नाही. लाइनमनच्या डोळ्यांना फुटबॉल म्हणजे मधली सात-आठ माणसं. सहा-सातच्या संघातून गाळली जाणार होती ती नेमकी हीच, आणि ती गेली असती तर रन थांबवणं हा प्रश्नच गेममध्ये उरला नसता.

एक कागद घ्या आणि पाच गोल एका ओळीत काढा. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. उजव्या टॅकलच्या बाहेर सहावा गोल काढा, तो टाइट एंड. आता या सहा जणांच्या मधल्या आणि कडेच्या फटी मोजा. पाच मधल्या, दोन कडेच्या, एकूण सात. या फटींना गॅप म्हणतात. सेंटर आणि गार्डमधला ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधला बी, त्याबाहेर सी आणि टाइट एंडच्या बाजूला आणखी बाहेर डी. धावपटू यांतल्याच कुठल्यातरी फटीतून येणार, दुसरी वाट नाही. समोर बचावाची नेहमीची मांडणी ४-३ ची, म्हणजे ओळीत चार आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर. चार आणि तीन सात. सात फटी, सात माणसं. हा हिशोब मला प्रथम उमगला त्या रात्री मी कागद भिंतीला चिकटवला, तो अजून तिथेच आहे.

हल्लेखोर हा हिशोब दोन तऱ्हांनी मोडतात. एक म्हणजे फटी वाढवणं: मागून गार्ड ओढून दुसऱ्या बाजूला न्यायचा की तिथे आठवी फट तयार होते. दुसरी तऱ्हा माणूस उखडण्याची. सेंटर आणि गार्ड मिळून तुमच्या नोज टॅकलवर, म्हणजे ओळीच्या मध्यावरच्या धिप्पाड गड्यावर, एकदम तुटून पडतात. तो दोन पावलं मागे गेला की त्या दोघांतला एक त्याला सोडून मागच्या लाइनबॅकरवर जातो. आता लाइनबॅकर अडकला, फट उघडी पडली, आणि पाच यार्ड गेले. पण नोज टॅकल जागेवरून हललाच नाही तर? दोघांनाही त्याच्याशीच झुंजत राहावं लागतं. लाइनबॅकरच्या वाटेत कुणी उरत नाही. तो धावत येतो, पकड करतो, टाळ्या घेतो, आकडेवारीत त्याच्या नावापुढे एक वाढतो. नोज टॅकलच्या नावापुढे काहीच नाही.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे नवीन नाही. कोपरा चढाईपटूचा घोटा धरतो, पण कव्हरनं मध्यरेषेची वाट बंद केली नसेल तर त्या पकडीचा उपयोग काय? फरक एवढाच की कबड्डीत आडवा येणारा डोळ्यांना दिसतो. फुटबॉलमध्ये तो ढिगाऱ्याखाली असतो.

या तत्त्वाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे २००० चा बाल्टिमोर रेव्हन्स. त्या हंगामातल्या १६ सामन्यांत मिळून त्यांनी धावून दिले फक्त ९७० यार्ड, म्हणजे सामन्याला साठ-एकसष्ट. गुण दिले १६५. १६ सामन्यांच्या हंगामातले हे दोन्ही विक्रम आहेत, आणि २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाल्यामुळे ते आता तसेच राहणार. जानेवारी २००१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क जायंट्सना ३४-७ असं हरवून सुपर बोल नेला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मधला लाइनबॅकर रे लुईस. तो असामान्य होता यात वाद नाही. पण त्याच्यापुढे टोनी सिरागुसा आणि सॅम ॲडम्स हे दोघं उभे असत, प्रत्येकी दीडशे किलोंच्या घरातले. सेंटर आणि गार्ड त्यांच्यातच गुंतून पडत आणि लुईसपर्यंत कुणी पोहोचत नसे. त्या संघाची जुनी चित्रफीत मिळाली तर एकदा फक्त सिरागुसाच्या जर्सीवर नजर ठेवून बघा. लुईस कुठून येतो ते मग कळतं.

'मॅडन एनएफएल २००५' च्या मुखपृष्ठावर लुईस होता आणि त्याच आवृत्तीत हिट स्टिक आली: उजवी काडी ढकलली की खेळाडू समोरच्यावर जीव खाऊन आदळतो. माझ्या पिढीच्या कितीतरी जणांनी बचाव शिकला तो त्या काडीवर, आणि वाईट सवयही तिथेच लागली. नेम बसला तर चेंडू उडतो, घर दणाणतं. नेम चुकला तर आपला माणूस गवतावर आणि धावपटू मोकळ्या मैदानात. पुस्तिकेचं एक पूर्ण प्रकरण मी ही सवय मोडण्यासाठी दिलं आहे.

खेळाडूंच्या आकड्यांकडे येऊ. मॅडनमध्ये प्रत्येकाला ९९ पर्यंत गुण असतात आणि त्या सगळ्यांचा गोळाबेरीज आकडा म्हणजे ओव्हरऑल. खरेदी करताना, ड्राफ्टमध्ये निवडताना सगळे तेवढाच बघतात. रन थांबवण्याच्या दृष्टीनं तोच आकडा फसवतो. डिफेन्सिव्ह टॅकलचा ओव्हरऑल ८८ असेल, पण तो क्वार्टरबॅकवर चाल करून जाण्याच्या कौशल्यांवर, पॉवर मूव्ह्ज आणि फिनेस मूव्ह्जवर उभा असेल, तर असा खेळाडू पासच्या वेळी तुम्हाला आनंद देईल आणि रनच्या वेळी स्वतःची फट सोडून भलतीकडे जाईल. त्याच्याऐवजी ७९ चा नोज टॅकल घ्या, ज्याची स्ट्रेंग्थ नव्वदीच्या पुढे आणि ब्लॉक शेडिंग, म्हणजे अंगावर आलेल्याला झटकून टाकण्याची ताकद, ऐंशीच्या वर आहे. फ्रँचायझी खेळताना मला असे खेळाडू नेहमी स्वस्तात आणि उशिरापर्यंत मिळत आले. वय झालेलेही चालतात. वेग उतरला तरी त्यांच्या कामाला तो फारसा लागत नाही.

लाइनबॅकरसाठी क्रम वेगळा. तिथे मी आधी प्ले रेकग्निशन बघतो, म्हणजे समोर रन होतोय की रनचं नाटक चाललंय हे खेळाडूला किती लवकर कळतं. मग पर्सूट, म्हणजे धावपटूला गाठण्यासाठी तो कुठला कोन धरतो. मग टॅकल, इथे मात्र पकडीचा गुण या अर्थानं, मग ब्लॉक शेडिंग. हिट पॉवर शेवटी. ऐकायला उलटं वाटेल, पण उशिरा पोहोचलेल्या माणसाची ताकद कुणाच्या कामाची? एक जागा मात्र सगळे विसरतात, कॉर्नरबॅकची. बाहेरून वळसा घालून काढलेला रन शेवटी त्याच्यापाशी येऊन ठेपतो. कव्हरेज ९५ आणि टॅकल ४० असलेला कॉर्नर तिथे धावपटूला फक्त वाट करून देतो.

आर्किटाइपची, म्हणजे गेमनं ठरवलेल्या खेळाडूंच्या प्रकारांची, नावं वाचून निवड सोपी होते असं मला आधी वाटायचं. रन स्टॉपर, नोज टॅकल, सेफ्टीसाठी रन सपोर्ट अशी ती नावं आहेत. ती दिशा दाखवतात, एवढंच. गुण वाढवण्याची संधी मिळाली की आपला हात पुन्हा ओव्हरऑल फुगवणाऱ्या पर्यायाकडे जातो. स्वतःचा खेळाडू शून्यापासून बनवतानाही हेच होतं: सगळे गुण वेगात घातले जातात, कारण वेग लगेच दिसतो.

एकाच महान बचावपटूनं एकाच महान धावपटूला थांबवावं ही कल्पना मोहक आहे. ३० नोव्हेंबर १९८७ च्या रात्री सिॲटलमध्ये ती मोडली. बो जॅक्सनचा त्या दिवशी पंचविसावा वाढदिवस होता. त्यानं २२१ यार्ड काढले, त्यांत ९१ यार्डांची एक सलग धाव होती. गोलरेषेपाशी ब्रायन बॉसवर्थ हा गाजलेला लाइनबॅकर एकटा त्याच्यासमोर आला आणि जॅक्सन त्याला घेऊनच आत गेला. १९९१ च्या 'टेक्मो सुपर बोल'मध्ये जॅक्सन त्याहून भयंकर होता. त्याला थांबवायचा खात्रीचा उपाय एकच होता, समोरचा कुठला प्ले खेळणार ते ओळखणं. अंदाज बरोबर आला की तुमचे अकराच्या अकरा चेंडूवर तुटून पडत. लहानपणी हा गेम हाती आलेल्यांना त्यामुळे वाटत राहिलं की रन अंदाजानं थांबतो. मॅडनमध्येही स्नॅपआधी रनचा अंदाज बांधून सगळ्यांना एका बाजूला झोकता येतं. अंदाज चुकला की मागचं सगळं मैदान मोकळं. मी ही सोय नाइलाज झाला तरच वापरतो. संघ नीट उभा केला असेल तर दर प्लेला जुगार खेळावा लागत नाही.

'ऑल-प्रो फुटबॉल २के८' या २००७ च्या गेमनं हा प्रश्न फार सुरेख मांडला होता. जुन्या दिग्गजांतून अकरा निवडायचे, पण दोनच सुवर्ण, तीन रौप्य आणि सहा कांस्य. बाकी संघ अनोळखी खेळाडूंचा. म्हणजे प्रत्येक निवडीची किंमत डोळ्यांसमोर. दोन्ही सुवर्ण क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅकवर उधळण्याचा मोह कुणाला आवरत नाही. ओळीच्या मध्यावर एक रौप्य खर्चून बघा, मागचे दोन अनोळखी लाइनबॅकर एकदम ओळखीचे वाटू लागतात.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फक्त रन थांबवून सामने जिंकता येत नाहीत. २००६ च्या मिनेसोटा व्हायकिंग्जकडे पॅट विल्यम्स आणि केव्हिन विल्यम्स ही ओळीच्या मध्यावरची जबरदस्त जोडी होती. त्या हंगामात त्यांनी धावून ९८५ यार्डच दिले, रेव्हन्सपेक्षा जेमतेम पंधरा जास्त. आणि सामने जिंकले सहा, हरले दहा. विरोधक भिंतीवर डोकं आपटत बसले नाहीत, त्यांनी वरून चेंडू फेकला. आजचे संघ तर तीन-तीन रिसीव्हर उतरवतात. त्यांना आवरायला एक लाइनबॅकर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक आणावा लागतो, म्हणजे सातचे सहा होतात. फटीही एकानं कमी होतात, पण उरलेल्या सहांत कुणी कच्चा असेल तर ते झाकायला कुणी नसतं. म्हणूनच मधली दोन माणसं पूर्वीपेक्षा जास्त मोलाची झाली आहेत, असं माझं ठाम मत आहे. ती दोघं तिघा-चौघांना अडवून धरत असतील तर मागच्यांना पासकडे लक्ष द्यायला उसंत मिळते. तुमचा बचाव पासविरुद्ध चांगला हवा असेल तरी खर्चाची सुरुवात मध्यापासूनच करा.

दरवर्षी नवी आवृत्ती येते, गुणांची नावं बदलतात, एखादी क्षमता कमकुवत केली जाते, दुसरी फुगवली जाते. पुस्तिकेतले नेमके आकडे म्हणून कालांतरानं शिळे होतील. फटी सातच राहतील. पुण्या-नाशकातल्या ज्या मुलांनी हा खेळ मैदानावर कधी पाहिला नाही, फक्त कन्सोलवर ओळखला, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिलं आहे. न्यू जर्सीतल्या भाच्यानं प्रत्येक प्रकरण वाचून "मामा, असं कुणी उभं राहत नाही" असं म्हणत चार-पाच ठिकाणी मला दुरुस्त केलं, त्या दुरुस्त्या आत आहेत.

वाचायला घेण्यापूर्वी एक करा. सरावाचा मोड उघडा, कॅमेरा बचावाच्या मागे आणा आणि समोरच्या संघाला इनसाइड झोन हा साधा रन वीस वेळा खेळायला लावा. कुठल्याही खेळाडूचा ताबा घेऊ नका. चेंडूकडे बघू नका, धावपटूकडेही नाही. नोज टॅकलच्या पायांकडे बघा आणि स्नॅपनंतर ते रेषेच्या कुठल्या बाजूला आहेत ते वीसही वेळा वहीत टिपा. मग नोज टॅकल बदला, आणि पुन्हा वीस.